भुशाचं गवत

वेदाच्या जिभेवर काहीतरी हिरवं दिसलं आणि सेजलच्या हातातली कणीक परातीतच राहिली. पिठाच्या हातानेच तिने मुलीचा जबडा धरला, दुसऱ्या हाताची करंगळी गालाच्या आतून फिरवली, टाळूला लावली, पार घशाच्या तोंडाशी नेली. वेदाला उमासा आला आणि मग रडावं की हसावं ते न ठरल्यासारखी ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. करंगळीच्या टोकाला जे आलं ते गवत होतं. गवत म्हणजे भुसा. आंब्याच्या लाकडाचा, चहाच्या गाळणीतून चाळलेला, भिंतीच्या रंगात मिसळायच्या हिरव्या स्टेनरमध्ये भिजवून दारासमोरच्या बाल्कांवात, बाकांच्या ओसरीत, वर्तमानपत्रावर वाळवलेला. सेजलच्याच हातचा. स्टेनरच्या बाटलीवर 'मुलांपासून दूर ठेवा' असं बारीक अक्षरात छापलेलं तिने वाचलं होतं, एकदा वाचून पुन्हा वाचलं होतं, आणि म्हणून तर गवताच्या सगळ्या बरण्या कपाटाच्या डोक्यावर होत्या, जिथे कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून चढल्याशिवाय तिचासुद्धा हात पोचत नसे. वेदाला पाणी पाजताना, श्वास नीट चाललाय ना म्हणून तिच्या छातीला कान लावताना सेजलने वर पाहिलं. बरण्या जागच्या जागी होत्या. झाकणं घट्ट. म्हणजे पोरीने हे खाल्लं ते दुसरीकडून, आणि दुसरीकडे म्हणजे मागच्या खोलीतलं मेज, ज्याच्यावरची चादर गेले कित्येक आठवडे तिने उचलून पाहिली नव्हती.

नव्हती, कारण गौरेश नको म्हणाला होता. "डिंक सुकतोय गो. धूळ बसली की मेहनत गेली. पुरं झालं की पहिलं तुलाच दाखवणार." आणि सेजलने ते मानलं होतं, कारण मेज त्याचं होतं आणि गवत तिचं, अशी त्यांच्या संसारात वाटणी कधी झाली ते दोघांनाही सांगता आलं नसतं. नाद त्याचा लग्नाआधीपासूनचा. म्हापशाला कॉलेजात असताना मित्रांचं एक टोळकं जमलं होतं. बोटाच्या पेराएवढे शिपाई रंगवायचे, मेजावर डोंगर, नदी, शेतं मांडायची आणि फासे टाकून जुन्या लढाया पुन्हा लढायच्या. लग्न ठरलं तेव्हा सेजलच्या मैत्रिणी हसल्या होत्या, नवरा खेळण्यांशी खेळतो म्हणून. तिला मात्र ते बरं वाटलं होतं. श्वास रोखून एका शिपायाच्या मिशीला रंग देणारा माणूस कुणाचं वाईट काय करणार, असं तिला तेव्हा वाटलं होतं. मग खाण बंद पडली, वजनकाट्यावरची त्याची नोकरी गेली, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत तो स्टोअर सांभाळायला लागला, आणि बाहेरदेशातून मागवायचं गवत परवडेनासं झालं. मूठभर नायलॉनचे तंतू असलेलं ते पाकीट हातात घेऊन तिनेच म्हटलं होतं, "एवढ्याशा गवताला एवढे? मी करून बघू?"

वनस्पतिशास्त्रात पदवी घेतलेली, हंगामी शिक्षिकेची नोकरी बाळंतपणात सुटलेली, पोर नुकती पालथी पडायला लागलेली. दिवसभर त्या पोरीच्या तोंडाकडे, नाकाकडे, पाळण्याच्या कडीकडे डोळे लावून बसलेल्या बाईला हातांना काहीतरी हवं होतं. ते राहत त्या मुळगावातल्याच शंभू मेस्ताच्या सुतारकारखान्यात भुसा फुकट मिळे. फणसाचा भुसा मुळातच पिवळा, त्याच्यावर हिरवा रंग मळकट होतो. सागवानात तेल असतं, तो रंग धरत नाही. आंब्याचा उत्तम, हे तिला तीन पिशव्या वाया गेल्यावर कळलं. भुसा म्हणजे जवळून कातरलेलं गवत. उंच गवताला नारळाच्या सोडणाचा काथ्या बारीक कापायचा. झुडपांना जुन्या गादीतला फोम, फुटक्या मिक्सरमध्ये रंगासकट फिरवलेला. आणि उभं राहणारं गवत हवं तर गोणपाटाची लव आणि पाकिटातले नायलॉनचे तंतू मिसळायचे, कारण नुसतं नायलॉन मिलिटरीसारखं ताठ उभं राहतं आणि नुसता ताग मान टाकतो. दोन्ही मिसळले की वारा लागल्यासारखं दिसतं. ते उभं करायला गौरेशने मच्छर मारायची विजेची बॅट उघडून तिची एक तार गाळणीला जोडली, दुसरी ओल्या डिंकात खोचली. गाळणी हलवली की तंतू खाली पडतापडता उभे राहत. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा दोघं लहान पोरांसारखी हसली होती, आणि गाळणी गेली म्हणून सासूबाई, प्रभावती, आठवडाभर कुरकुरत होत्या. "चहा आता काय पदराने गाळू?"

आता वेदाला कडेवर घेऊन ती मागच्या खोलीत आली. दार केर काढताना उघडं राहिलेलं. चादरीचं टोक जमिनीपर्यंत ओढलेलं, आणि मेजाच्या कडेला, पोरीच्या उंचीवर, बोटांनी ओरबाडून टक्कल पडलेला एक तुकडा. बाकी काही सुटं आहे का, एखादा खिळा, एखादी तार, हे बघावं म्हणून तिने चादर पूर्ण उचलली. पहिलं मनात आलं ते, किती सुंदर. तिचं गवत असं एका पसरणीवर तिने कधी पाहिलंच नव्हतं. बरणीत ते बरणीएवढंच असायचं. उतारावर ते मऊ पसरलं होतं, जनेलातून येणाऱ्या उन्हात त्याला मखमलीची झाक होती. दुसरं मनात आलं ते, शिपाई कुठे आहेत. डोंगराचा माथाही सपाट होता. लढाईचे डोंगर गौरेश टोकदार करायचा, वर एखादा बुरूज ठेवायचा. हा सडा होता, जांभ्याचा, चुलीवरच्या तव्यासारखा पसरलेला. पश्चिमेच्या अंगाला पायऱ्या-पायऱ्यांचा एक खड्डा, चिरे काढल्यावर उरतो तसा. त्याच्याखाली झरीची घळ. सेजलचे डोळे आपोआप पुढे जात राहिले, पुढे काय असणार ते ठाऊक असल्यासारखे, आणि ते होतंच. पायथ्यापासून वाट सरळ चढत येत होती आणि माथ्याच्या थोडी अलीकडे, काहीही आडवं नसताना, डावीकडे वळसा घेऊन पुन्हा सरळ होत होती.

त्या वळशाच्या पोटात काहीच नव्हतं. नुसती हिरवळ. पण माहेरी, पार्श्याच्या डोंगरावर, तिच्या बाबांच्या डोंगरावर, तिथे रोयण होती. माणसाहून उंच, तांबड्या मातीचं वारूळ, वाड्यावरच्या बायका जिला सातेरी म्हणून फुलं वाहत. काजूच्या दिवसांत जीप वरपर्यंत यावी म्हणून वाट सरळ करायचं कुणीतरी सुचवलं होतं तेव्हा बाबा म्हणाले होते, "ती आधी आली. आपण मागाहून." एवढंच; तिचा बाप सदाशिव फारसं बोलणारा माणूस नव्हता. लहानपणी वर जाताना सेजलने रोयणीच्या मातीला बोट लावून कपाळाला लावायचं, उतरताना पुन्हा, आणि बाबा पुढे गेलेले असले तरी न बघता विचारायचे, लावलंस? ज्याने हा मेजावरचा डोंगर केला त्याने रोयण कधी पाहिली नव्हती. गौरेश जावई म्हणून घरापर्यंत गेला होता, फार तर काजूच्या पहिल्या झाडापर्यंत. त्याच्यापाशी मोजणीचा नकाशा असणार. नकाशावर वाट होती, वाटेला वळसा होता, म्हणून त्याने इमानदारीने वळसा ठेवला. वळसा कशासाठी ते नकाशावर नसतं. मेजाखाली चपलांचा एक खोका होता, त्यात लहान लहान पांढरे ठोकळे, लाल छपरांचे, आणि निळ्या चकचकीत कागदाचे तुकडे, प्रत्येक ठोकळ्याला एक. ते पोहण्याचे तलाव आहेत हे कळायला तिला जरा वेळ लागला. वेदाने एक तुकडा उचलून तोंडाकडे नेला तो तिने काढून घेतला, पुन्हा खोक्यात ठेवला, चादर होती तशी टाकली, आणि स्वयंपाकघरात येऊन उरलेली कणीक मळत राहिली. ती कणीक इतकी मऊ झाली की चपात्या लाटता येईनात.

मळता मळता तिला आठवलं की हे सगळं तिनेच त्याला दिलं होतं. संध्याकाळी बाल्कांवात, वेदा खांद्यावर पेंगत असताना, तो विचारायचा. कार्तिकात सड्यावर गवत कसं दिसतं गो? ऊन आधी कुठे पडतं? पावसाचं पाणी कुठल्या अंगाने उतरतं? आणि ती सांगायची. आधी मुळाशी तांबूस होतं, शेंड्याला जांभळी झाक राहते, मग पातं मधूनच सोनेरी व्हायला लागतं. शापोरा नदीच्या बाजूने वारा आला की सगळा सडा एका अंगावर वळतो, बाबा त्या गवताला करड म्हणायचे, गोठ्यावर शाकारायचे. सांगताना तिचा आवाज बदलायचा हे तिला जाणवायचं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हा माणूस तिच्या माहेराचं काही विचारत होता, आणि उत्तर संपेपर्यंत थांबत होता. बाबा गेल्यावर तिला रडायला नीटसं मिळालंच नव्हतं. सहावा महिना, डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. अशाच एका संध्याकाळी ती सांगता सांगता रडली होती आणि गौरेशने तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. मग दुसऱ्या दिवशी ती काथ्याला तांबूस-जांभळा रंग देऊन बघायची, जमला की बरणी त्याच्या हातात द्यायची, तो उजेडात धरून म्हणायचा, "फस्क्लास." ते सोनेरी गवत आता खोक्याच्या मागे तसंच पडलेलं तिने पाहिलं होतं. कारण हल्ली त्याला सगळं एकसारखं हिरवं हवं होतं. "लॉनसारखं कर." लढाईत कुठलं रे लॉन, तिने विचारलं होतं. "राजवाडा आहे गो एक," असं म्हणून तो हसला होता, आणि तीही हसली होती.

संध्याकाळी तो आला. पाववाल्या पदेराकडून पोई घेऊन आला, हातपाय धुतले, वेदाला उचलून तिच्या पोटावर तोंड घासलं. रोजच्यासारखंच. जेवायला बसल्यावर सेजलने ठरवलं की त्याला एक संधी द्यायची. संधी कसली, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

"लढाई कुठली रे ही? मेजावरची?"

"इटलीतली." त्याने पोई मोडली. "जुनी. नाव सांगून तुला कळायचं नाय."

"डोंगर जमलाय?"

"तुझं गवत आहे म्हणून. माझं काय, थर्माकोल."

इतक्या सहज. कालवणात पोई बुडवता बुडवता. सेजलला वाटलं होतं की खोटं बोलताना माणूस अडखळतो, निदान डोळे खाली घालतो. गौरेशने वर बघून मासळीची तुकडी मागितली. तेव्हा ती म्हणाली, "वेदाने आज ते गवत खाल्लं." आणि तो ताडकन उठला. पोरीला ट्यूबलाइटखाली नेऊन तिचं तोंड उघडलं, किती खाल्लं, कधी, उलटी झाली काय, डॉक्टरला फोन केलास काय, हात खरकटे. हेच सेजलला सहन होईना. त्याची ही भीती अस्सल होती. म्हणजे एकाच माणसाच्या अंगात हे आणि ते दोन्ही राहतं, आणि पोरीचा बाप म्हणून जो घाबरतो तो खोटा नसतो. मग वेदा ठीक आहे हे पटल्यावर त्याची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली.

"मेजाकडे गेलेली?"

"कडेचं थोडं ओरबाडलंय. मी चादर परत टाकली."

"बघितलंस तू?"

"नाय. तू नको म्हणालेलास ना."

त्याच्या खांद्यांतून काहीतरी सैल झालेलं तिने पाहिलं. आपणही आता खोटं बोललो, तितक्याच सहज, हे तिच्या मागाहून लक्षात आलं, आणि मासळीची तुकडी तिने त्याच्या ताटात वाढली.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने पार्श्याला भावाला फोन लावला. स्वप्नील तिच्याहून लहान, बाबांच्या घरात राहणारा, म्हापशाला मोबाइलचं दुकान. त्याने आढेवेढे घेतलेच नाहीत. "म्हणजे? ताय, तुला ठाऊक नाय? भावजी म्हणाले ताय तयार आहे. म्हणून तर मी परेशला हो म्हटलं." परेश म्हणजे जमिनींचे व्यवहार जुळवून देणारा; पार्टी बाहेरची होती, वीसेक बंगले बांधणार होती. "माझ्या तोंडून 'हो' ऐकलंस तू?" "तुझ्या तोंडून कशाला, पावर आहे ना भावजींकडे." पावर. त्या सहाव्या महिन्यात, उताणं पडल्या पडल्या, उशीवर मुखत्यारपत्राचा कागद ठेवून तिने केलेली सही. बाबांच्या घराची घरपट्टी, विजेचं कनेक्शन नावावर करायचं, तुला पेडण्याला हेलपाटे नकोत, असं गौरेशने सांगितलं होतं. गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच. नवरा-बायको दोघांच्या सह्यांशिवाय तो हलत नाही. बाबा पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, आमच्याकडे मुलीला मागावं लागत नाही. मागावं लागलं नव्हतंच. "आणि खरं सांगू ताय?" स्वप्नील बोलत होता, आवाजात राग नव्हता, जरा दमल्यासारखा होता. "वर जातं कोण? काजूचे बोंडू माकडं खातात. बिया वेचायला माणूस मिळत नाय. उन्हात कोणीतरी विडी टाकतो, अर्धा डोंगर जळतो, मी एकटा डहाळ्या घेऊन विझवत धावतो. तू लग्न झाल्यापासून कितीदा चढलीस वर?" सेजल मनात कारणं मोजत गेली. दिवस गेलेले, मग बाळंतपण, मग पोर लहान, वर मण्यार असते, उन्हं असतात. ती सांगत होती त्या सड्यावर ती स्वतः कित्येक वर्षांत गेली नव्हती. फोन ठेवल्यावर तेच जास्त टोचत राहिलं.

सासूबाई मागच्या दारी विळीवर बांगडे कापत बसल्या होत्या. सेजल वेदाला घेऊन पायरीवर टेकली. काही विचारायच्या आधीच प्रभावती म्हणाल्या, "भावाकडे फोन केलेलास मगे. ऐकू येतं मला."

"तुम्हाला ठाऊक होतं आई?"

"त्याने सांगितलेलं. मी म्हटलं, तिला तूच सांग, माझ्या तोंडून नको."

"कधी?"

"चवथीच्या आधी." त्यांनी बांगड्याचं डोकं मांजराकडे भिरकावलं. "त्याचंही बघ गो. पोर काय जन्मभर स्टोअरात खोकी मोजत बसणार? परेश म्हणतो, हा एक मॉडेल जमला तर पुढची सगळी कामं तुलाच. घरी बसून धंदा. तुझ्या गवतालाच भाव येणार."

"गाळणी गेली तेव्हा आठवडाभर बोलत होतात तुम्ही. हे एवढं पोटात ठेवलंत."

प्रभावतींचा हात विळीवर थांबला. त्यांनी सुनेकडे बघितलं नाही. खवले झटकत म्हणाल्या, "गाळणी माझी होती. डोंगर तुझा. मी काय बोलणार त्याच्यात?"

मग रविवारपर्यंत घर चालत राहिलं. सेजलला आश्चर्य वाटत होतं ते याचं, की किती नीट चालत होतं. दूध उतू गेलं नाही. वेदाकडे डोळ्यांत तेल घालून बघणं सुटलं नाही. जमिनीवरचा शेंगदाणा, पलंगाखालचं बटण, बादलीतलं पाणी, सगळं तिला नेहमीसारखं आधी दिसत होतं. आपण सदोदित सावध आहोत असं तिला वाटत आलं होतं, आणि होतीच ती सावध, फक्त जमिनीपासून वीतभर उंचीवर. त्याच्यावर काय चाललंय तिकडे तिने मान वर केलीच नव्हती. गौरेशने हिरव्या गवताची आणखी एक बरणी मागितली, ओरबाडलेली कड भरायला. तिने दिली. रंग मुद्दाम बिघडवावा असं एकदा मनात आलं, पण हातांना ते जमेना. भुसा चाळताना हात आपलं काम चोख करत राहिले. ओला भुसा मुठीत दाबून, बोटांतून हिरवं पाणी निथळताना बघून तिला भडभडून आलं, आणि कशासाठी ते नेमकं कळेना. जमीन जाते म्हणून, की कुणीतरी आपलं ऐकतंय या समजुतीने आपण किती बोललो, याची लाज वाटते म्हणून.

रविवारी सकाळी परेश आला. पांढरीशुभ्र गाडी, पायांतले बूट बाल्कांवातच काढून ठेवणारा, सासूबाईंना वाकून नमस्कार करणारा, गोड माणूस. गौरेशने मेज हॉलमध्ये आणून ठेवलं होतं. सेजलला तो सकाळीच म्हणाला होता की लढाया खेळणाऱ्या क्लबचा एक माणूस बघायला येणार, जरा चहा टाक. चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर आली तेव्हा चादर निघालेली होती. ठोकळे आता उतारावर चिकटले होते, निळे तलाव चमकत होते, झरीच्या घळीवर एक गेट उभं होतं. तिला बघून गौरेशचा चेहरा क्षणभर रिकामा झाला; तिला डोंगर ओळखू येईल की नाही याचा तो अंदाज घेत होता, आणि येणार नाही असंच त्याने धरलं असावं, कारण तो हसला.

"वहिनी, बसा," परेश म्हणाला. "काय गवत हो हे. फॉरेनचं वाटतं."

"हिने केलंय," गौरेश म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरचा अभिमान होता. "आंब्याचा भुसा. सांगितलं तर खोटं वाटेल."

"मुंबईत असा मॉडेल करायला लाख मागतात रे. पार्टी खूश होणार." परेशने चहाचा घोट घेतला, मेजाभोवती एक फेरी मारली, आणि करंगळीने वाट दाखवली. "फक्त ही सरळ कर. इथे उगाच वाकडी दिसते."

"उगाच नाही," सेजल म्हणाली. "तिथे रोयण आहे."

परेशने कप खाली ठेवला. सेजलला स्वतःचा आवाज वर्गात शिकवताना लागायचा तसा लागला, स्वच्छ आणि कुणाच्याच मालकीचा नसल्यासारखा. "सातेरीची. बाबांनी तिला हात लावू दिला नाही म्हणून वाट वाकडी आहे. आणि या डोंगरात माझा वाटा आहे. तो मी दिलेला नाही."

"पण पावर..." परेशने गौरेशकडे बघितलं.

"ती काढून घेते. उद्या वकिलाकडे जाते पेडण्याला. तुमच्या पार्टीला तुम्ही आजच सांगा, मागाहून घोळ नको."

आतून प्रभावतींच्या बांगड्यांचा आवाज येत होता तो थांबला. परेश असल्या प्रसंगांना सरावलेला असावा. त्याने उरलेला चहा संपवला, अन्न टाकू नये तसा, आणि उठता उठता म्हणाला, "बायल नको म्हणते तर पार्टी हात लावणार नाय. कोर्टकचेरी कोणाला हवी? आणि सातेरीचं म्हटलं तर मजूर तरी चढणार काय वर." मग बूट घालताना, हलक्या आवाजात, गौरेशला, "घरचं आधी घरात बघायचं ना रे."

गाडी गेल्यावर गौरेश मेजाशी उभाच होता. "तोंडावर पाडलंस मला. आधी सांगायचंस."

"तू मला सगळं विचारलंस," सेजल म्हणाली. "ऊन कुठे पडतं, पाणी कुठून उतरतं, गवत कधी पिकतं. सगळं विचारलंस."

"तुझ्यासाठीच चाललेलं ना. वेदासाठी."

त्याला ते खरंच तसं वाटत होतं हे तिला दिसलं, आणि त्याने काही सोपं झालं नाही. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच मेजाच्या कडेवर टेकवला, जणू तिथेच ठेवायचा होता. ती वेदाला उचलून बाल्कांवात गेली. शेजारच्या घरात कुणीतरी खोबरं किसत होतं. डोंगर वाचला होता. निदान आज वाचला होता, स्वप्नील भांडेल, माहेरचा उंबरा काही दिवस कडू होईल, पण तिच्या सहीशिवाय आता तिथे कुदळ पडणार नव्हती. हे स्वतःला नीट सांगून तिने डोळे मिटले. बाबा गेल्यापासून, पोर झोपली नाही की, पाठ दुखली की, ती अशीच डोळे मिटून सड्यावर जायची. पायथ्यापासून सुरू करायची, काजूची झाडं, झरी, चिऱ्यांची खाण, मग वारा. आत्ता डोळे मिटले तर डोंगर लगेच आला, नको इतका लगेच, सगळाच्या सगळा एकदम. चारी कडा मेजाच्या मापाने सरळ कापलेल्या. गवत हिरवं, एकसारखं, चहाच्या गाळणीतून पडलेलं. तिने पायथ्यापासून चढायचा प्रयत्न केला. चढता येईना, ती त्याच्या बाजूला उभी होती, वरून बघत होती, आणि कानात गौरेशचा तो मऊ आवाज विचारत होता, मग, कार्तिकात कसं दिसतं? तिने वाट शोधली. वाटेवर बाबांना उभं करून पाहिलं. कमरेला कोयता, डोक्याला टॉवेल, पुढे चालणारी पाठ. पण ती पाठ एवढी मोठी होती की तिच्याखाली अख्खा डोंगर झाकला जात होता, आणि लहान केली तर तिचे बाबा राहत नव्हते, बोटाच्या पेराएवढं काहीतरी राहत होतं, ज्याला मान वळवून 'लावलंस?' असं विचारता येत नव्हतं. वेदा तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र तोंडात घालत होती. सेजलने ते काढून घेतलं नाही. ती डोळे मिटून बाबांना वाटेवर ठेवून बघत होती, उचलत होती, पुन्हा ठेवत होती.